सुंभ आणि भोत

आचऱ्याची शाळा, नववीचा तास.
सूक्ष्मदर्शक एकच, आरशाला खाऱ्या हवेची बुरशी.
कांद्याचा पापुद्रा, आयोडीनचा थेंब, वर काच.
डोळा लावून निरंजन मेथर ओरडतो,
“बाई, ह्यो तर चिऱ्यांचो गडगो!”

मग त्याच्याच गालाची आतली खरवड.
गडगा नाही, कोपरे नाहीत.
ओल्या कागदाचे चुरगळलेले कपटे,
एकमेकांवर कसेही पडलेले.
“आमकां भिंत कित्याक नाय?”

प्राणीपेशीला पेशीभित्तिका नसते.
पुस्तक एवढंच सांगतं.
‘नसते’ला एक गुण.

मी कांद्यावर मिठाचं पाणी सोडते.
आतला जीव आकसतो, मधोमध गोळा होतो,
भिंत जागची हलत नाही,
घरातलं माणूस कोपऱ्यात मुटकुळं करून बसलं
तरी घर उभं असतं, तशी.

संध्याकाळी खाडीवर
सुलभा कांदळगावकर चिखलातून सोडणं उपसते.
पावसाच्या आधी पुरलेली.
गर कुजला, वास राहिला, काथ्या राहिला.
ती बडवते, पिंजते, मांडीवर वळते.
त्या प्रत्येक धाग्यात रिकाम्या खोल्यांच्या रांगा,
राहणारे केव्हाच गेलेले.
जळला तरी पीळ सोडणार नाही म्हणतात, ते ह्याचंच.

पलीकडे मेथरांच्या कौलांवर
घोळीचं भोत वाळतंय,
उन्हाकडे धरलं तर पिवळी काच.
निरंजनचा बाप दोन हातांनी ताणून दाखवतो,
“बघा बाई, तुटता काय?”
नाही तुटत.
ह्यात भिंत कुठेच नाही.
पेशींनी आपल्या अंगाबाहेर दोर सोडले,
तीन पेडांचे, सुलभाच्या सुंभाहून बारीक,
आणि त्याच जाळ्यात राहायला गेल्या.
झाडात ज्याची भिंत त्याची.
इथे वीण सामायिक,
कुणाचा धागा कुठे संपला
विचारायची सोय नाही.

हे मी वर्गात सांगायला हवं होतं.

तरीची होडी लागते.
काठावर चढायला सुंभाचा दोर बांधलाय,
तो धरते. तळहाताला काचतो.
मेलेल्या झाडाचा दोर बाहेर,
माझा आत, कातडीखाली,
दोघे मिळून मला वर ओढतात.
तिसऱ्या पायरीवर
उजवा गुडघा कुरकुरतो.
तिथली वीण उसवलीय.
कणकवलीचे डॉक्टर म्हणाले, वय.

उद्या निरंजनला
पुन्हा विचारायला लावीन.