मापाप्रमाणे

किसननगर नंबर तीन, पिठाच्या गिरणीला लागून
आठ बाय दहाचा गाळा. पाटी मीच रंगवलेली:
हेंद्रे लेडीज टेलर. मापाप्रमाणे शिवून मिळेल.
'मिळेल'मधला ळ उडालाय, अर्थ शाबूत आहे.

तीस वर्षं मी रेडीमेडला शिव्या घालत आलो.
खांद्यात उतरतं, बगलेत काचतं,
पहिल्या धुण्यात जात दाखवतं.
आणि केतकीनं कॉम्प्युटरचं काढलं तेव्हा
मीच म्हणालो, तयार घे गं.
घोडबंदरच्या मॉलमध्ये रांगेनं मांडलेत,
खोक्यातून काढला की चालू,
बिघडला तर एका फोनवर माणूस येतो.

ती काही बोलली नाही.
गाळ्याबाहेर जाऊन पाटी वाचून आली.

मग वही उघडली. डावीकडे तयार मशीनचे भाव,
उजवीकडे सुट्या भागांचे.
बाबा, यांनी वरून जर लावलीय, आत अस्तर हलकं.
पॉवर सप्लाय कुणाचा ते लिहिलेलंच नाही.
मला पडद्यावर इमारती उभ्या करायच्यात,
चार वाजताचं ऊन काचेवर कसं पडेल ते दाखवायचंय.
त्याला कार्ड चांगलं लागतं,
बाहेरून लाल-निळे दिवे नाही लागत.
बाकीचं मला कळलं नाही.
अस्तराचं म्हणाली, तिथं मी हरलो.
बाहत्तर हजार. चाळीस भिशीचे,
उरलेले दिवाळीच्या ब्लाऊजांतून.

तीन आठवडे खोकी येत राहिली.
गिऱ्हाइकं विचारायची, नवीन मशीन का हो?
मी म्हणायचो, कापड आलंय, शिलाई व्हायचीय.

रविवारी शटर अर्धं ओढलं.
कटिंगचं टेबल दोनदा पुसलं,
चुंबक फिरवून टाचण्या वेचल्या.
एक जरी आत राहिली तरी सगळं जळेल म्हणाली,
मग चुंबकही लांब ठेवायला लावलं.
अंगातली वीज उतरावी म्हणून
दर थोड्या वेळानं माझ्या शिलाई मशीनच्या
लोखंडाला हात लावायची. वर्षानुवर्षं दसऱ्याला
हळदकुंकू लावतो तिथंच.

प्रोसेसरवर पेस्ट, तांदळाच्या दाण्याएवढी.
बारके स्क्रू मी ओठांत धरले, सवयीनं.
बाबा, गिळाल!
मी ओठ न उघडता हसलो.

साडेदहाला बटण दाबलं.
पंखा फिरला. पडदा काळा.
पुन्हा दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा.
बाही उलटी जोडल्यावर शिकाऊ पोरीचं होतं
तसं तिचं तोंड झालं.
मला तो एका फोनवर येणारा माणूस आठवला,
जिभेच्या टोकावर आलाही होता.
पण म्हणालो, उसवू या.
उसवायला लाज कसली,
माझी अर्धी हयात त्यातच गेलीय.

टाका टाका मागे गेलो. ही वायर, ती वायर, कार्ड.
गिरणी कधीच बंद झालेली, गल्लीत एक रिक्षा
कुणाची तरी वाट बघत घुरघुरत होती.
मेमरीची पट्टी, एका टोकाला
तसूभर वर.
कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नाही,
पण वाकडं बसलेलं दिसतं.
तिनं अंगठ्यानं दाबली. टिक्.
प्रेसबटण बसतं तसा आवाज.

पडद्यावर पांढरी अक्षरं आली.
ती ओरडली नाही, फक्त खुर्चीत मागे रेलली.
मी अजून आत बघत होतो:
पट्ट्यांच्या शेजारी दोन खाचा रिकाम्या.
इथं काही लावायचं राहिलं का गं?
नाही बाबा, तिथं माया सोडलीय.
पुढं काम वाढलं तर.

हा शब्द मी तिला कधी शिकवला होता
आठवेना.

झाकण लावलं, चारी बाजूंनी बोट फिरवलं,
कुठं झोळ नाही.
आवरताना कात्रीखाली एक स्क्रू सापडला.
कुठला, कशाचा, काही पत्ता नाही.
ती टेबलावर डोकं टेकून झोपली होती,
मशीन चालू होतं.
बटणांच्या डब्यात टाकून दिला.