अकरा मिनिटं शिल्लक

सेन्योर मान्सियांनी बिस्किटांच्या डब्यातून सात कॅसेटी आणल्या.
वर पेन्सिलीनं फक्त साल आणि ऋतू.
नावं लिहायला तेव्हा भीती वाटायची, म्हणाले,
तिकडे नॉरशॉपिंगला
कोणी विचारणारं नव्हतं, तरी.

पुन्ता अरेनासच्या या टोकाला माझं दुकान:
पुढे चाव्या बनवते, मागे जुन्या फिती उतरवते.
वारा असा, की दार उघडायला गिऱ्हाइकाला
आतून मदत लागते.

पहिल्या कॅसेटीला बुरशी होती.
कापसाचे बोळे, स्पिरिट, आणि दोन दुपारी
बोटानं चक्री फिरवत बसले.
उरलेल्या सहा चालल्या. भांडण पुढे सुरू झालं.

स्वीडनची फीत सेकंदाला पंचवीस चित्रं दाखवते,
आमच्याकडचे टीव्ही जवळजवळ तीस मागतात.
मधली पाच आणायची कुठून?
सॉफ्टवेअर ती रचतं: अलीकडचं थोडं, पलीकडचं थोडं.
रोसाउरा बर्फाचा गोळा फेकते
आणि तिच्या हातातून आणखी एक फिकट हात फुटतो,
तोही फेकतो.

शिवाय आवाज मागे पडायचा.
माझा संगणक दमला की गुपचूप एखादं चित्र गाळतो;
आवाजाचा मात्र कणही सांडत नाही.
तास संपता संपता रोसाउरा ओठ मिटते
आणि तीन सेकंदांनी ऐकू येतं,
"पुरे आता, ठेव तो कॅमेरा."

मी आवाज कापला, तुकड्या-तुकड्यानं पुढे ओढला,
दार आपटतं तिथे तिथे जुळवला.
दार लागल्याशिवाय वाजत नाही.
माणसांच्या ओठांवर असा भरवसा ठेवता येत नाही.

मग डिस्क. सत्त्याण्णव टक्क्यांवर एरर.
दुसरी, सत्त्याण्णव.
वेग सोळावरून आठवर, आठवरून चारवर आणला.
डिस्कची कंपनी बदलली, केबल बदलली,
देवाचं नाव घ्यायचं राहिलं होतं, तेही घेतलं.
सहाव्या वेळी लक्षात आलं:
शेजारच्या खाटकाचा फ्रीज धडधडला की
माझे दिवे मिचकतात, आणि बर्नरचा हात चुकतो.
तेव्हापासून रात्री दोनला लिहायला बसते.
फसलेल्या सहा परसात रूबार्बवर टांगल्या आहेत;
पाखरं तशीही या वाऱ्यात येत नाहीत.

आठवड्यानं मान्सिया आले, हातात प्लेअरचा खोका.
"यावर काहीतरी लिहिलंय, चष्मा विसरलो."
लिहिलं होतं: दोन्ही चालतं.
पंचवीसही, तीसही.
म्हणजे पाच-पाच खोटी चित्रं मी उगाच रचत बसले होते,
दर सेकंदाला, सात कॅसेटीभर.
सगळं पुसलं. हसावं की रडावं कळेना,
म्हणून त्यांना माते करून दिला.

आज संध्याकाळी डिस्क तयार आहे.
पंचवीसच चित्रं, रोसाउराला दोनच हात.
यंत्र शेवटचं विचारतंय: बंद करू?
मी त्यांना समजावलं:
बंद केल्याशिवाय तुमच्या प्लेअरला ती दिसणार नाही,
आणि केल्यावर तिच्यात काही घालता येणार नाही.
अजून अकरा मिनिटं जागा आहे.

"कॅमेरा तिकडेच विकला," ते म्हणाले,
"परतीच्या तिकिटांसाठी. तीन घेतली होती.
दोनच लागली."
मग बराच वेळ खोक्यावरचा टेप सोलत राहिले.
"ती अकरा मिनिटं काळी दिसतील का?"
नाही, म्हटलं. काळीसुद्धा नाही. डिस्क तिथे संपेल.
"बरं."

बटण त्यांनीच दाबलं, जोरात,
बहिऱ्या माणसाच्या दाराची बेल दाबावी तसं.
आणि नेमका तेव्हाच खाटकाचा फ्रीज धडधडला.
दिवे मिचकले.
आम्ही दोघं श्वास धरून पट्टीकडे बघत राहिलो.
शहाण्णव.
सत्त्याण्णव.
सत्त्याण्णव.
अठ्ठ्याण्णव.