मधला बुधवार

तालकाच्या बसस्थानकाला लागून माझं तिकिटांचं दुकान.
दोन खुर्च्या, एक पंखा
आणि काउंटरवर पृथ्वीचा गोल,
त्यातली आफ्रिका उन्हानं पांढरी पडलेली.

एर्मेलिंदा आली ती गळ्यात शिवणाची टेप तशीच ठेवून.
"यास्नाकडे जायचंय. किती लांब?"

सान्तियागो ते ऑकलंड, मी सांगितलं,
नऊ हजार सहाशे आणि वर थोडे किलोमीटर,
साडेबारा-तेरा तास, मध्ये कुठे उतरणं नाही,
खाली नुसतं पाणी.
किलोमीटर तिच्या हाताला लागेनात.
तिनं टेप काढली, एक टोक सान्तियागोवर अंगठ्यानं दाबलं
आणि तिरप्या कापडाचा कल धरावा तशी
दक्षिणेच्या बर्फाकडे जरा झुकवत पलीकडे नेली.
साडेबावीस सेंटीमीटर.
"म्हणजे बाळाची बाही," ती म्हणाली,
"वर्षाच्या बाळाची. दुमडायला कापड सोडून."
नातवाला तिनं अजून फोनमध्येच पाहिलेलं.

विमान मंगळवारी रात्री साडेअकराला सुटतं,
गुरुवारी पहाटे उतरतं.
ती बोटं मोजत राहिली.
"आणि बुधवार?"

हा प्रश्न सगळेच विचारतात, उत्तर माझं पाठ आहे:
वाटेत तारखेची रेघ लागते, बाई,
अंधारातले काही तास सोडले
तर बुधवार तुम्हाला उजाडतच नाही.
इथं लोक हसतात.
ती हसली नाही. मी तारीख पाहिली
आणि जीभ चावली.

चौदा ऑगस्ट.
लाकडांचा ट्रक ज्या वळणावर उलटला
तिथं एलेओदोरोचं देवळीएवढं घर आहे, निळ्या रंगाचं.
अकरा वर्षं ती त्या तारखेला जाते,
वाऱ्याकडे पाठ करून मेणबत्ती लावते.
सगळ्या गल्लीला ठाऊक.

"पुढच्या आठवड्याचं बघतो," मी म्हणालो, "थोडं महाग पडेल, पण..."
"राहू दे हेच."
ती टेपची गुंडाळी करत होती.
"एक वर्ष तो दिवस माझ्या दारात नाही आला,
तर त्याचं काय बिघडतंय?"

येताना उलटं होतं, मी सांगितलं.
संध्याकाळी निघायचं, त्याच दिवशी दुपारी पोचायचं.
एक दुपार दोनदा मिळते. कुठली घेणार?
वाटलं, बाळाचा वाढदिवस म्हणेल.
"कुठलाही सोमवार. शिवण साठलेलं असेल."

बुधवार आला.
तालकात सगळीकडे आला, धुकं आणि ओल्या सरपणाचा धूर घेऊन.
तिच्या शटरखाली विजेचं बिल,
अर्धं आत, अर्धं बाहेर.
दुपारी दुकान ओढून घेतलं,
खिशात एक मेणबत्ती टाकली, वळणापर्यंत गेलो.

निळ्या घरात आधीच एक जळत होती.
मंगळवारची,
मनगटाएवढी जाड,
दोन दिवस पुरेल अशी.