मार्चअखेर, ग्रिम्सबी

पत्र दोनच परिच्छेदांचं आहे.
पदवीधर शिक्षिकेसाठीचं अनुदान
एकतीस मार्चनंतर मिळणार नाही.
कळवताना खेद होतो, वगैरे.

चर्चमागचा हा हॉल मी भाड्याने चालवते.
बावीस पोरं, आणि आचारी आली नाही तर स्वयंपाकही.
हिशेब मला कळतो :
ताशी दरात दूध बसतं, हीटर बसतो,
किमान वेतनावरच्या दोन मुली बसतात.
इमोजेन बसत नाही.

खरं सांगते, ती आली तेव्हा मीच नाक मुरडलं होतं.
ढुंगण धुवायला डिग्री कशाला,
असं बहिणीला फोनवर म्हणाले होते.

मग डोमास आला. साडेतीन वर्षांचा, मुका म्हणावा असा.
आई रात्रपाळीला, मासळीच्या कारखान्यात.
आम्ही म्हटलं, घरी लिथुआनियन बोलतात,
शिकेल हळूहळू.
इमोजेन काही म्हणाली नाही.
आठवडाभर वाळूच्या ट्रेशी गुडघे टेकून बसली,
कधी त्याच्या डाव्या हाताला, कधी उजव्या,
पाठीमागून डब्यावर चमचा वाजवत.
शुक्रवारी कोट चढवता चढवता म्हणाली,
डावीकडून त्याला ऐकूच येत नाही.
उजवीकडून जेमतेम.

कानांत तांदळाएवढ्या नळ्या बसवल्या.
परत आला, संडासात साखळी ओढली,
दचकला.
मग हसला. मग पुन्हा ओढली.
सबंध सकाळ तेच,
आणि आम्ही दाराशी उभ्या, कुणी अडवेना.

समारोपाच्या अर्जात एक चौकट आहे :
अनुदानातून काय साध्य झालं, शंभर शब्दांत.
मी लिहिलं, पाण्याचं बिल वाढलं.
खोडलं. नवा अर्ज मागवला.

इमोजेन आता रस्त्यापलीकडच्या प्राथमिक शाळेत.
शिफारसपत्र मीच दिलं; खोटं कसं लिहू?
तिच्या जागी टेगन आहे, एकोणीस वर्षांची,
जीव लावते पोरांना, गाते छान.

काल नवीन आलेली एक मुलगी
हाक मारली तरी वळेना.
सगळ्या जेवायला गेल्यावर मी चमचा घेतला,
गुडघे कुरकुरले, तरी टेकले.
वाजवला.
ती वळली.
की बाजूची बादली घ्यायला वळली?
मी पुन्हा वाजवला.
मला सांगता येईना.