तीनशे चौदा मायक्रोसेकंद

केबल तुटली तेव्हा बेटावर काही पडलं नाही, फुटलं नाही.
मासळी कारखान्यातला वजनकाटा शून्यावर थांबला
आणि माझ्या टेबलावरचे सतरा हिरवे दिवे
एका दमात लाल झाले.

मी एका धाग्यात उजेड सोडला.
उजेड समुद्राखालून जातो,
जिथे काच संपते तिथे आपटतो
आणि थोडासा परत येतो,
हाक मारून, दार बंद बघून वळलेल्या माणसासारखा.
तीनशे चौदा मायक्रोसेकंद, जाऊन येऊन.
गणित मी कागदावरच केलं, सवयीनं:
एकतीस किलोमीटर, वर चारशे मीटर.
तिथे चाळीस वाव पाणी. खाली वाळू.
आणि त्या रात्री, वादळात, तिथे
एकच होडी होती.
मला माहीत होतं कुणाची.

दुपारी तोर्शावनच्या रेडिओनं विचारलं, अपघात की घातपात?
संध्याकाळी कोपनहेगनच्या एका तज्ज्ञानं
प्रश्नचिन्ह काढून टाकलं.
दुकानात बटाट्यांच्या पोत्यांपाशी
हानुस पाणबुडीवर ठाम होता.
सुन्निवाबाईंनी शार्कचे दात काढले,
पाद्रीबुवांना आठवडाभर आधीच जमीन हलल्यासारखी वाटली होती.
ज्याला सगळ्यात कमी माहीत
तो सगळ्यात जवळ सरकून बोलत होता.
आमच्या बेटावर साप नाहीत,
तरी भुई धोपटणं जोरात चालू होतं.

एयदुन मामा यीस्टचं पाकीट घेऊन रांगेत उभा.
"वारा पडेल उद्या," एवढंच म्हणाला.
वारा सहा दिवस पडला नाही.

आठव्या दिवशी जहाज आलं.
चाचणीवर सही करायला मला वर घेतलं.
जोडणी करणारा क्रिसान्तो, इलोइलोचा,
बिनखिडकीच्या खोलीत बसतो;
तो काम करत असताना त्या मजल्यावर कुणी चालत नाही.
केसाएवढी काच, तिच्यासमोर केसाएवढी काच,
मध्ये एक ठिणगी.
आठ वेळा त्यानं श्वास धरला,
आठ वेळा मीही.

मग तुटकं टोक हातात घेऊन फिरवलं.
पोलादी तारा सगळ्या एकाच बाजूला वाकलेल्या.
"पाणबुडी असं ओढत नाही," म्हणाला.
"हा नांगर आहे. लहान.
घाबरलेल्या माणसाचा."

फॉर्मवर कारणाचा रकाना होता.
पेन बराच वेळ कोरडं असल्यासारखं धरून
मी लिहिलं: बाह्य ओढ.
खोटं नव्हतं ते.

जोडलेल्या काचेतून पहिल्यांदा काय आलं?
वजनकाट्याचं अपडेट.
त्याच्या मागोमाग आमच्याबद्दलच्या नऊ दिवसांच्या बातम्या,
एकीत आमचं बेट आइसलंडला चिकटलेलं,
एकीत झेंडा उलटा,
आणि खाली हजारो माणसं,
आमच्या वाळूवर कधी पाय न ठेवलेली,
तळाशी काय घडलं ते एकमेकांना समजावत.
मी तासभर वाचत बसले.
एकानं, बहुधा कंटाळून, लिहिलं होतं:
कुणाचं तरी इंजिन बंद पडलं असेल.
त्याला कुणी उत्तर दिलं नव्हतं.

रविवारी मामाच्या शेडमध्ये गेले.
वाळत टाकलेल्या मेंढीच्या मांसाखाली तो जाळं शिवत होता.
काही न विचारता त्यानं फळीमागून
एक वीतभर काळा तुकडा काढला,
डांबर, तारा, तांबं, मधे चिकट जेली.
"नांगराच्या फाळात अडकला होता," म्हणाला.
"इंजिन गेलं होतं. खडक ऐकू येत होते मला, दिसत नव्हते."

मी एका टोकाला टॉर्च लावला.
दुसऱ्या टोकातून त्याच्या तळहातावर
आठ ठिपके उतरले,
खवल्यांइतके बारीक.
त्यानं हात हलवला नाही.

"यातला आपला कुठला?"

तसं काही नसतं.
मी तिसऱ्यावर बोट ठेवलं.