हातचा

ईरी, पेनसिल्व्हेनिया. मार्च संपत आला
तरी सरोवराचा बर्फ काठ सोडत नाही,
आणि वरच्या मजल्यावरून चिठ्ठी येते:
कॉर्डेल ब्रूसार्ड, तीन वर्षांचा करार.
मंगळवारपर्यंत सांगा, आपण नक्की काय घेतलं.

आधी सही, मग चौकशी.
लग्न लावून पत्रिका बघण्यातला प्रकार.
तक्रार नाही, माझा पगार त्यावरच निघतो.

गेल्या हंगामात सॅक चार.
चार.
रेडिओवरचा माणूस हा आकडा
नासका बटाटा दोन बोटांत धरावा तसा उच्चारतो.

पण सॅक म्हणजे रेघेखालचं उत्तर.
क्वार्टरबॅक चेंडूसकट आडवा झाला तर एक,
नाहीतर शून्य.
मधलं मांडायला जागाच नाही,
म्हणून मी मधलं मोजते.

चारशे अठरा वेळा तो धावून गेला.
त्यातल्या एकसष्ट वेळा क्वार्टरबॅकनं
घाबरून, घाईत, एका पायावर चेंडू भिरकावला;
नऊदा तो मागच्या कुणाच्या तरी हातात अलगद पडला
आणि टाळ्या त्या कुणाला तरी.
शंभरावर वेळा त्याला अडवायला दोघं लागले,
म्हणजे शेजारच्या गड्यासमोर एक कमी.
तेही कुठे लिहीत नाहीत.

हातचा असतो ना, तसा हा माणूस.
वर कोपऱ्यात बारीक मांडायचा,
उत्तर आलं की खोडून टाकायचा,
आणि धरायला विसरलात तर सगळं गणित चुकतं.

एवढं लिहून मी घरी गेले असते.
पण एक रकाना नको तितका सरळ होता.

चेंडू हलल्यापासून पाय उचलेपर्यंतचा वेळ:
घरच्या मैदानावर पॉइंट सात एक,
परक्या मैदानावर पॉइंट सात एक.
असं कुणाचं नसतं.
परक्या गावात साठ हजार माणसं गप्प बसतात,
त्यांच्या क्वार्टरबॅकची हाक त्याच्या माणसांना पोचावी म्हणून;
आणि तो लबाड मध्येच खोटी हाक देतो
की भलेभले दावं तुटल्यासारखे रेषेपलीकडे.
पाच यार्डांचा दंड.
ब्रूसार्डच्या नावावर, तीन वर्षांत, एकही नाही.

मी फिल्म लावली, नेहमीसारखी आवाज बंद करून.
पहाटे दोनपर्यंत पाहिली.
तो कायम उजव्या टोकाला, हाकेकडे डावा कान.
घोळक्यात मात्र मान वळवून
उजवा कान पुढे करतो,
आणि सगळे हसले की एक क्षण उशिरा हसतो.

आवाज बंद करून
तोही हेच बघत होता.

माझ्या वडिलांची मान अशीच वळायची, जेवणाच्या टेबलावर.
चौतीस वर्षं इंजिनांच्या कारखान्यात, बॉयलरच्या पोटात.
फोरमनला कधी कळलं नाही.
आईला कळलं होतं, ती नेहमी त्यांच्या उजवीकडे बसायची
आणि कारण विचारलं तर म्हणायची, इथून खिडकी दिसते.

डॉक्टरांच्या कागदात असेलही, नसेलही.
ते कागद मला दाखवत नाहीत.
माझ्याजवळ फक्त दोन सारखे आकडे
आणि एका माणसाची मान.

मंगळवारी लिहिलं:
खोट्या हाकेला भुलत नाही. चाराच्या आकड्याकडे बघू नये.
दिलेली किंमत रास्त, किंबहुना थोडी कमीच.
कारणाचा रकाना कोरा ठेवला.
वरच्यांनी विचारलं नाही. कोरे रकाने ते वाचत नाहीत.

ऑगस्टमध्ये सराव सुरू झाला.
सह्या घेणारी पोरं पांगल्यावर
मी कुंपणाला वळसा घालून गेले, उजव्या बाजूनं.
मी लोर्ना कझ्मारेक, म्हटलं. तळघरात आकडे मांडते.

त्यानं हात पुढे केला.
आधी माझ्या ओठांकडे पाहिलं,
मग, जरा जास्तच वेळ,
मी उभी होते त्या जागेकडे.