पंच नंबर एकोणचाळीस

जोपूळच्या कारभारी उगल्यांनी गाडी देताना
छोट्या दांड्याला बांधलेली सायकलची ट्यूब दाखवली.
"फोर-व्हील टाकली की उडतो हा दांडा, साहेब.
मग ट्यूब शिटाच्या पायाला अडकवायची.
अकरा वर्षं द्राक्षं अशीच काढली चिखलातून."
मी हसलो. पासष्ट हजार मोजले.

टोचन लावून सिडकोत आणली.
आमच्या रो-हाउसपुढं ती मावेना,
नाक गेटात, बूड गल्लीत.
ताजनपुऱ्यांची स्कूटर रोज तिरकी होऊन जाते,
आणि जाताना एकदा खाकरते.
कुमुद म्हणाली, रिटायर झालेले लोक योगा करतात.

पत्रा सोपा होता.
वायर ब्रश, पॉलिश पेपर, रेड ऑक्साइड.
गंजाची पूड चहात पडायची, तसाच प्यायचो.
पाट्यांचे बुश मिळाले द्वारकेजवळ,
हबचं लॉक मात्र तीन दिवस डिझेलात भिजत ठेवलं
तेव्हा कुठं बोटभर हललं.
शेजारची तेजल, पॉलिटेक्निकची,
बॅटरी धरायला यायची आणि उजेड
नेमका माझ्या डोळ्यांत पाडायची.

ट्रान्स्फर केस उतरवली त्या दिवशी
दोघं गाडीखाली उताणे.
जॅकवर, लाकडी ठोकळ्यांवर, थोडीशी छातीवरही
घेतली म्हणा.
आत तेल नव्हतं, काळा काढा होता.
सिलेक्टरचा रॉड रॉकेलनं धुतला
आणि तेजल म्हणाली,
काका, इथे आकडा आहे. एकोणचाळीस.

चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

अंबडला, दुसऱ्या पाळीला, तपासणीच्या टेबलावर
बावीस वर्षं हा पंच माझ्या खिशात होता.
जाताना गेटवर जमा केला, पावती घेतली.
तो आकडा म्हणजे मी पाहिलंय.
तो आकडा म्हणजे जाऊ द्या, चालेल.

छर्रा ज्या खाचेत बसायचा ती खाच उथळ.
झिजली असेल, मी म्हणालो.
तीस वर्षांत काय झिजत नाही.
तेजलनं व्हर्नियर लावला, नको तिथं हुशार पोर.
"पण काका, ही लो-ची खाच बघा ना,
ही कुणी वापरलेलीच दिसत नाही.
हिच्यावर टूलच्या रेघा आहेत अजून.
हीपण तेवढीच उथळ आहे."

केसभर. जास्त नाही.
गेज बसवला असता तर कळलं असतं.
बसवला नसेल. साडेअकराची बस असेल,
ट्रेमध्ये दोनशे रॉड असतील,
कुणाचा तरी वाढदिवस, जिलेबी असेल.
मी ती रात्र आठवायला बसलो
आणि काहीच आठवलं नाही.
निदान काहीतरी आठवायला हवं होतं.

सातपूरला भिकनच्या ग्राइंडरवर खाचा खोल करून घेतल्या.
तो पूर्वी माझ्या हाताखाली शिकाऊ होता.
पैसे घेईना. मी दिलेच.
त्यानं आकड्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं,
आणि शीतकाचा नळ उगाच बंद करून
पुन्हा सुरू केला.

रविवारी दारणेच्या पात्रात उतरवली.
तेजल शेजारी, मांडीवर पाना.
छोटा दांडा मागं ओढला,
खालून एक "टक्" आलं, जाड, ओळखीचं.
पुढची चाकं वाळू खायला लागली.
दगडावर चढलो, खड्ड्यात उतरलो,
मुद्दाम वाईट ठिकाणी घातली.
दांडा उडाला नाही.

"काका, हात काढा ना आता," ती म्हणाली.
काढतो म्हणालो.

उगल्यांना फोन लावला त्याच संध्याकाळी.
दोष सापडला म्हणालो. कुणाचा, ते ओठांपर्यंत आलं.
ते म्हणाले, अहो, आम्हाला वाटायचं
आमच्याच हाताला वळण नाही.

ट्यूब अजून गेटाच्या खिळ्याला लटकते आहे.
कुमुदनं दोनदा फेकायला घेतली.